धाकटा आला आणि तो थोरला झाला: ‘जुजुत्सु काइसेन झिरो’

(कॅमेऱ्यासमोर. हातात मांगाचं पुस्तक, कणा कॅमेऱ्याकडे.)

नमस्कार मंडळी. हा कणा बघा. आकडा काय छापलाय? शून्य.

परवा माझा भाचा घरी आला होता. माझं कपाट आवरून द्यायचं म्हणून त्याने ‘जुजुत्सु काइसेन’ या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, सगळा संच ओळीने लावला आणि हे पुस्तक एकच्याही आधी ठेवलं. मग मला विचारतो, “मामा, लेखकाने तीस पुस्तकं लिहिली आणि मग मागे जाऊन हे शून्य लिहिलं का?”

प्रश्न रास्त आहे. प्रीक्वेल म्हटलं की आपल्याला तसंच वाटतं. मूळ गोष्ट गाजली, पैसे आले, आता त्याच्या आधी काय झालं ते विका. पण इथे मामला उलटा आहे. हे शून्य आधी लिहिलं गेलं, आणि लिहिलं तेव्हा ते शून्य नव्हतंच. घरात धाकटा जन्मेपर्यंत कुणी थोरला नसतो, तो नुसता बाळ असतो. तसंच हे.

आज याच पुस्तकाबद्दल आणि त्यावरच्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, सिनेमाबद्दल बोलू. पहिल्या भागात मी कुणाचा शेवट सांगणार नाही. नंतर सांगेन, पण आधी हात वर करून सांगेन.

तर, २०१७ साल. गेगे आकुतामी हे टोपणनाव घेतलेला एक तरुण चित्रकार. माणूस चेहरा दाखवत नाही, स्वतःच्या जागी एक डोळ्याचं मांजर काढतो. जपानमध्ये ‘शोनेन जंप’ नावाचं साप्ताहिक आहे, १९६८पासून चालू, मांगाच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं व्यासपीठ. त्याचंच एक भावंड मासिक आहे, ‘जंप गिगा’. तिथे नवख्यांना हात साफ करायला मिळतो. त्या गिगामध्ये आकुतामीने एप्रिल ते जुलै २०१७मध्ये चार प्रकरणांची एक छोटी गोष्ट छापली. चार प्रकरणं, विषय संपला.

नाव होतं तोक्यो महानगराच्या जुजुत्सु कोसेनचं. कोसेन म्हणजे काय? आपल्याकडचं तंत्रनिकेतन. पॉलिटेक्निक. जपानमध्ये खरोखरची कोसेन आहेत, तिथे मुलं वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स असलं काय काय शिकतात. आकुतामीने तिथे शापविद्या शिकवायला घेतली. जपानी वाचकाला तो विनोद लगेच कळतो. पण मला विचाराल तर तो मराठीत जास्त जमतो, कारण आपल्याकडे ‘तंत्र’ हा शब्द दोन्ही अभ्यासक्रमांना चालतो.

आणि हो, ते नाव. दर वेळी कुणीतरी विचारतं, “ते कुस्तीसारखं असतं ना, जुजुत्सु?” नाही हो. तो मल्लविद्येतला शब्द जपानीत दीर्घ आहे, जूजुत्सु. हा ऱ्हस्व, जुजुत्सु, म्हणजे शापविद्या. चित्राक्षरंही वेगळी. म्हणजे शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी जो मार खाल्ला तो इथे कामी आला. रोमन लिपीत दोन्ही एकसारखंच लिहितात, देवनागरीत फरक दाखवता येतो. या ऱ्हस्व ‘जु’साठी जे चित्राक्षर आहे ते लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

गोष्ट अशी. युता ओक्कोत्सु, सोळा वर्षांचा, खांदे पाडून चालणारा मुलगा. लहानपणी रिका नावाची मैत्रीण होती. तिने त्याला अंगठी दिली होती आणि मोठं झाल्यावर लग्न करायचं असं दोघांचं ठरलं होतं. अकरा वर्षांची असताना त्याच्या डोळ्यांदेखत तिला गाडीने उडवलं. आणि ती गेली नाही. प्रचंड, पांढुरकी, दातांची, अशी काहीतरी होऊन ती त्याच्याभोवती राहिली. युताला कुणी हात लावला की ती बाहेर येते. सुरुवातीलाच शाळेतली छळणारी मुलं एका लॉकरमध्ये कोंबलेली सापडतात. कोंबलेली म्हणजे तिथे मावणार नाहीत अशी.

मांत्रिकांच्या यंत्रणेने युताला गुपचूप मारून टाकायचं ठरवलेलं असतं. स्वतः युताचीही हरकत नसते, त्याने स्वतःच तो प्रयत्न केलेला असतो. पुरावा म्हणून एक सुरी दाखवलीय. पिळलेल्या दोरीसारखी वळलेली सुरी. रिकाने वळवलेली. लेखकाने तिथे मोठं भाषण घातलेलं नाही. ती वाकडी सुरी समोर धरली, बस्स. पहिल्याच पानांमध्ये आपण कुठल्या प्रकारच्या लेखकाच्या हातात आहोत ते कळतं.

मग येतो सातोरू गोजो. शिक्षक, उंच, पांढरे केस, डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. मुख्य मालिकेत तो काळी डोळेपट्टी लावतो, ज्यांनी ती आधी पाहिली त्यांना या पट्ट्या विचित्र वाटतात. तो युताला या तंत्रनिकेतनात आणतो.

वर्गात तिघं जण. माकी झेनिन: मोठ्या मांत्रिक घराण्यातली मुलगी, पण अंगात शापशक्ती जवळपास नाहीच. शाप, म्हणजे या जगातली भुतं, दिसावेत म्हणून खास चष्मा घालते आणि शस्त्राच्या जोरावर लढते. पांडा: हा पांडा आहे. म्हणजे खरा प्राणी नव्हे, पण त्यावर फार चर्चा होत नाही, वर्गात कुणीही अवघडत नाही. आणि तोगे इनुमाकी.

इनुमाकीपाशी मी जरा थांबणार. त्याच्या घराण्यात वाचासिद्धी आहे. तो “थांब” म्हणाला की समोरचा थांबतो, “फूट” म्हणाला की फुटतो. मग असा मुलगा बोलणार कसा? जेवताना चुकून काही बोलला तर? म्हणून तो फक्त ओनिगिरीच्या सारणांची नावं घेतो. ओनिगिरी म्हणजे जपानी भाताचा गोळा, आत काहीतरी भरलेलं. “शाके”, म्हणजे सामन मासा, याचा अर्थ हो. “ओकाका”, सुक्या माशाचा कीस, याचा अर्थ नाही. “कोम्बू”, समुद्री शेवाळ, हे कधी नमस्कार, कधी काहीही. युताला सुरुवातीला वाटतं हा विक्षिप्त आहे, आपल्याला टाळतोय. मग एका ओस पडलेल्या बाजारपेठेत दोघं अडकतात, इनुमाकीचा घसा बोलून बोलून सोललेला असतो, आणि युताला कळतं, हा आपल्याला जपतोय. नावं घेतोय ती कुणाला इजा होऊ नये म्हणून.

सिनेमा बघताना माझ्या शेजारची मुलगी मैत्रिणीला कुजबुजली, “आपल्याकडे असता तर नुसतं उकडीचं सारण, पुरणाचं सारण म्हणत बसला असता.” मला ते अजून आठवतं. आणि खरंच, सबटायटलमध्ये ‘सामन’ वाचणं वेगळं आणि घरातल्या डब्यातला रोजचा शब्द कानावर पडणं वेगळं. जपानी प्रेक्षकाला तो मुलगा जेवढा घरचा वाटतो तेवढा आपल्याला वाटत नाही.

आता समोरची बाजू. सुगुरू गेतो. एकेकाळी याच शाळेत गोजोच्या वर्गात, त्याचा एकुलता एक जिवलग. आता बौद्ध भिक्खूची वस्त्रं घालून पंथ चालवतो. या जगाचा नियम असा की माणसांच्या मनातून जे साचलेलं बाहेर गळतं, द्वेष, भीती, पश्चात्ताप, त्याचे शाप बनतात. शाळा आणि हॉस्पिटलं त्यांनी भरलेली, कारण तिथे ते सगळ्यात जास्त गळतं. मांत्रिकांच्या अंगातून ते गळत नाही. गळतं साध्या लोकांच्या. मांत्रिक मरतात ते त्या साध्या लोकांना वाचवताना. गेतोचं गणित सरळ: मग साधे लोकच नकोत.

गणित भयंकर आहे, पण मांडणीत चूक काढायला तुम्हाला दोन मिनिटं लागतात. चांगला खलनायक मी यावरूनच ओळखतो. दोन सेकंदांत उत्तर सापडलं तर तो नुसता ओरडणारा माणूस.

गेतो शाळेत येऊन तारीख जाहीर करतो. २४ डिसेंबर, सूर्यास्त, शिंजुकू आणि क्योतो, दोन्हीकडे हजार-हजार शाप सोडणार. त्या हल्ल्याचं नाव ‘ह्याक्की याको’, शंभर भुतांची रात्रीची मिरवणूक. हे आकुतामीचं नाही, जपानी लोककथेतलं जुनं आहे. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहातल्या शिंजुआनमध्ये मुरोमाची काळातलं त्याचं लांब गुंडाळीवरचं चित्र आहे, त्यात जुनी भांडी, वाद्यं जिवंत होऊन रस्त्याने निघालेली दिसतात. ती मिरवणूक वाटेत दिसली तर माणूस वाचत नाही असं मानायचे. कोकणातल्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको. वेताळाची पालखी निघते त्या रात्री दार लावून घ्या, डोकावू नका, हे आजीने सांगितलेलं असतंच.

आणि तारीख २४ डिसेंबर का? जपानमध्ये नाताळची आदली संध्याकाळ म्हणजे जोडप्यांची संध्याकाळ. शिंजुकूत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मुळात ही गोष्ट एका लग्नाच्या वचनाची आहे, ती दुसऱ्या कुठल्या दिवशी संपणार?

(हात वर.)

आता शेवट सांगणार आहे. ज्यांना नको त्यांनी इथे थांबा, बघून परत या.

रिकाने युताला शापलं, असं आपण पूर्ण गोष्टभर धरून चालतो. युताही तेच धरतो. गोजो त्याच्या पूर्वजांचा माग काढतो आणि शेवटी कळतं, तिने त्याला नाही शापलं. याने तिला शापलं. ती रस्त्यावर पडलेली असताना त्या लहान पोराने मनातून म्हटलं, जाऊ नकोस. त्याच्या अंगात केवढी ताकद आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ते “जाऊ नकोस” लागू झालं.

आता ते चित्राक्षर आठवा. जपानीत तेच अक्षर ‘नोरोइ’ असं वाचलं तर शाप, आणि ‘माजिनाइ’ असं वाचलं तर तोडगा, मंत्र, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई फुंकर घालून म्हणते तसलं काहीतरी. अक्षर एक, वाचन दोन. लेखकाने सगळी गोष्ट त्या एका अक्षरावर उभी केलीय. आणि रिका जाताना तक्रार करत नाही. उलट म्हणते की ही सहा वर्षं जिवंत असतानापेक्षा सुखाची गेली.

पूर्वजांचा माग म्हटलं ना, तो कुठे जाऊन पोचतो? सुगावारा नो मिचिझाने. हा माणूस खरा. जन्म ८४५, मोठा पंडित, कवी, दरबारात वर चढलेला. ९०१मध्ये फुजिवारा घराण्याने कान भरले आणि त्याला दाझाइफूला, क्यूशू बेटावर धाडलं. ९०३मध्ये तो तिथेच गेला. त्यानंतर क्योतोत एकेक सुरू झालं. ज्याने कारस्थान केलं तो फुजिवारा नो तोकिहिरा अकाली गेला. ९३०मध्ये राजवाड्यावर वीज पडली, दरबारी जागच्या जागी मेले, त्याच वर्षी सम्राट दाइगोही गेला. लोक म्हणाले मिचिझानेच. दरबाराने घाबरून त्याचा हुद्दा ९२३मध्येच परत केला होता, पण तेवढ्याने भागलं नाही. पुढे त्याचं देऊळ उभं राहिलं, तो देव झाला. क्योतोचं कितानो तेनमांगू ते हेच. आज तिथे कोण जातं? परीक्षेला बसणारी मुलं. जपानच्या सगळ्यात धास्तीच्या भुतापुढे मुलं बारावीसारख्या परीक्षेसाठी हात जोडतात. नोरोइचं माजिनाइ झालं. आकुतामीने युताला या माणसाचा वंशज केलं ते उगाच नाही.

बरं, सिनेमाकडे येतो.

मधल्या काळात काय झालं? गिगामधली गोष्ट आवडली, मार्च २०१८मध्ये साप्ताहिक जंपमध्ये ‘जुजुत्सु काइसेन’ सुरू झालं, नव्या नायकासह. आणि डिसेंबर २०१८मध्ये जुन्या चार प्रकरणांचं पुस्तक निघालं, तेव्हा कण्यावर हे शून्य बसलं. धाकटा जन्मला होता.

पण थोरल्याचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. युता पहिल्या गोष्टीतच एवढा बलवान झालाय की तो हजर असेल तर नव्या नायकाला कामच उरत नाही. म्हणून लेखकाने त्याला परदेशी पाठवून दिलं. मालिकेत बराच काळ नुसता त्याचा उल्लेख, माणूस गायब. आपल्याकडे नाही का, कर्तबगार थोरला दुबईला असतो आणि घरात फक्त त्याचं नाव निघतं.

पहिली टीव्ही मालिका ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१, चोवीस भाग, स्टुडिओ मापा. त्याच मापाने, त्याच दिग्दर्शकाने, म्हणजे सुंगहू पार्कने, सिनेमा केला. प्रदर्शनाची तारीख? २४ डिसेंबर २०२१. गोष्टीतलीच. जपानमध्ये जवळपास १,३७५ कोटी येन गल्ला. तिथे तिकिटाबरोबर एक छोटं पुस्तक फुकट मिळायचं, ५० लाख प्रती छापल्या होत्या, आणि त्याला आकडा दिला होता ०.५. या लोकांना आकड्यांशी खेळायचा नाद आहे खरा.

आपल्याकडे तो २०२२च्या जुलैत लागला. मी पुण्यात पाहिला. बाहेर धो धो पाऊस, पायाशी ओल्या छत्र्या, आणि गोजोने डोळ्यावरची पट्टी सोडली तेव्हा जी आरोळी उठली ती मी एरवी फक्त रजनीकांतच्या एन्ट्रीला ऐकलीय.

सुमारे दोनशे पानांचं १०५ मिनिटांत काय केलं? मुख्य म्हणजे कापलं नाही, वाढवलं. आणि वाढवलेलं जवळजवळ सगळं शिंजुकू-क्योतोच्या लढाईत आहे. कारण उघड आहे. २०१७मध्ये आकुतामीकडे ती माणसंच नव्हती. नानामी, मेइ मेइ, तोदो ही सगळी नंतर मुख्य मालिकेत जन्मली. सिनेमा करताना ती हाताशी होती, मग त्यांना त्या रात्री मागे जाऊन उभं केलं. नानामीने एका रात्रीत लागोपाठ चार ‘कोकुसेन’ मारले, काळ्या विजेचे ठोसे, हे मालिकेत नुसतं बोलण्यात येतं. सिनेमात ते दिसतं. गोजो आणि गेतोचा साथीदार मिगेल यांची मारामारी मांगात थोडक्यात उरकलीय, सिनेमात ती भरपूर लांबवलीय.

माझं मत सांगू? मिगेलची लढाई देखणी आहे, पण तिथे गोष्ट थांबते. गोष्ट शाळेच्या पटांगणात आहे, जिथे गेतो आणि युता समोरासमोर आहेत, आणि आपल्याला शिंजुकूत आतषबाजी बघायला नेलंय. चाहत्यांना दिलेला प्रसाद आहे तो. मी घेतला, नाही म्हणत नाही.

पटांगणावर मात्र सिनेमाने हात आखडला नाही. गेतो साठवलेले सगळे शाप, ४,४६१, एका भोवऱ्यात पिळून एकत्र करतो. युता रिकाला कवटाळतो, स्वतःचा जीव देऊ करतो. गेतो त्याला बायकांना नादी लावणारा म्हणतो, आणि युता उत्तर देतो, “जुन्आइ दा यो.” निर्मळ प्रेम आहे हे. आवाज मेगुमी ओगाता यांचा. वय तेव्हा ५६, आवाज सोळा वर्षांच्या मुलाचा. याच बाईंनी १९९५मध्ये ‘इव्हँजेलियन’ या मालिकेतल्या शिंजीला आवाज दिला होता, तोही असाच खांदे पाडलेला मुलगा. ते वाक्य त्या ओरडून म्हणत नाहीत. थोडं रागावून, कुणी उगाच नाव ठेवल्यासारखं म्हणतात. मांगात वाचताना मला ते वाक्य फिल्मी वाटलं होतं. ऐकल्यावर नाही वाटलं.

आता क्रम. सगळे विचारतात, आधी काय बघू? ज्याने आयुष्यात ॲनिमे पाहिलेलं नाही त्याला मी सरळ हा सिनेमा लावून देतो. ही गोष्ट पुढचं काही न ठरवता लिहिलेली होती, त्यामुळे तिला कुणाचा टेकू लागत नाही. नानामी कोण हे नाही कळलं तरी बिघडत नाही, कोट घातलेला एक वैतागलेला माणूस छान मारतोय एवढं पुरतं. पहिला हंगाम आधी पाहिला असेल तरी उत्तम. तेव्हा एकच करा, या सिनेमात गेतोचं कपाळ नीट बघून ठेवा. कोरं आहे. मालिकेत परत बघा. मी आणखी काही बोलत नाही.

आणि मग दुसऱ्या हंगामाचे पहिले पाच भाग, २०२३चे. ते २००६-०७मध्ये घडतात, गोजो आणि गेतो विद्यार्थी असताना. म्हणजे थोरल्याच्याही आधीचं. ते पाहून झालं की सिनेमाची शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा लावा.

तिथे एक गल्ली आहे. गेतोचा एक हात गेलाय, भिंतीला टेकून बसलाय. गोजो येतो. दोघं जुन्या मित्रांसारखे बोलतात, कारण ते तेच आहेत. मग गोजो त्याला शेवटचं एक वाक्य म्हणतो आणि आपल्याला ते कळत नाही. मांगात ते वाचायला मिळत नाही, सिनेमात ऐकायला मिळत नाही. एवढा पैसा, एवढे कलाकार, सगळं वाढवणारा सिनेमा, आणि ही एक जागा त्यांनी भरली नाही. आपल्याला फक्त गेतोचं उत्तर ऐकू येतं. तो हसतो आणि म्हणतो, शेवटी तरी मला एखादा शाप द्यायचास.

युताने “जाऊ नकोस” म्हटलं आणि ती सहा वर्षं अडकली. गोजो जे म्हणाला ते शाप नव्हतं, एवढं गेतोच्या उत्तरावरून कळतं. काय म्हणाला असेल, तुमचा अंदाज खाली लिहा. भाच्याचं म्हणणं आहे तो “शाके” म्हणाला.